कामात भान कशामुळे हरपतं?

नमस्कार मंडळी!

मागच्या आठवड्यात असं कधी झालं का बघा. तुम्ही काहीतरी करत बसला होतात, सहज मान वर केली, तर बाहेर अंधार पडलेला. मधे फोन पाहिला नाही, भुकेची आठवण झाली नाही, पाठ धरलीय हेसुद्धा उठताना कळलं. आता आठवा, काम कोणतं होतं? बहुतेक वेळा ते काही फार थोर नसतं. बंद पडलेला पंखा खोलून बसलो होतो. जुने फोटो लावत होते. दोन दिवस न जुळणारा हिशेब जुळवत होतो.

मानसशास्त्रात याला ‘फ्लो’ म्हणतात. हे नाव रुळवलं मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. 1960च्या दशकात तो चित्रकारांच्या कामाचा अभ्यास करत होता, तेव्हा एक गोष्ट त्याला कोड्यात टाकून गेली. चित्र रंगात आलेलं असताना ही माणसं तहानभूक विसरायची. पण चित्र पूर्ण झालं, की ते बाजूला सारून पुढच्या कॅनव्हासकडे वळायची. तयार चित्रात त्यांना फारसा रसच उरायचा नाही! मग इतका जीव ओतला तो कशासाठी? पुढे त्याने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, सर्जन अशा कितीतरी जणांशी बोलून पाहिलं. पेशे वेगळे, पण वर्णन जवळपास एकच. लक्ष पूर्ण गुंतलेलं, स्वतःचा विसर पडलेला, वेळेचा अंदाज चुकलेला.

बरं, हे झालं कलाकारांचं आणि खेळाडूंचं. साध्या दिवसात आपल्यासारख्यांचं काय?

(स्क्रीनवर: जुन्या पेजरचं चित्र)

ते तपासायला त्याने लोकांना पेजर दिले. आठवडाभर, दिवसातून अनेकदा, कुठल्याही क्षणी पेजर वाजणार. वाजला की लगेच वहीत लिहायचं: आत्ता काय करतोय, ते किती अवघड आहे, मला कितपत जमतंय, मन कसं आहे. 1989 मध्ये ज्युडिथ लफेव्हर यांच्याबरोबर त्याने नोकरदारांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचा अवघडपणा आणि आपलं कौशल्य, दोन्ही नेहमीपेक्षा वर, असे क्षण कामावर असताना 54 टक्के वेळा सापडले. फुरसतीत? फक्त 18 टक्के. आणि गंमत म्हणजे त्याच माणसांना कामावर असताना वाटत होतं, ‘इथून सुटलो तर बरं!’

मला हा निकाल फार बोलका वाटतो. सोफ्यावर पडून टीव्ही बघताना तो तुमच्याकडे काहीच मागत नाही. आराम मिळतो, तो लागतोच, त्याला मी नावं ठेवत नाही. पण भान हरपायचं तर समोरच्या कामाने काहीतरी मागायला हवं. पुढची पायरी कोणती ते स्पष्ट हवं. केलेलं बरोबर की चूक हे लगेच कळायला हवं. आणि काम आपल्या कुवतीपेक्षा किंचित वरचं हवं. फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते.

यातली ‘लगेच कळायला हवं’ ही अट लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. शर्टाला इस्त्री करताना बघा. आधी कॉलर, टोकांकडून मधे. मग कफ, मग बाह्या. बटणपट्टीवर इस्त्रीचं टोक दोन बटणांच्या मधून काढायचं, तेही कापड न चुरगळता. हात फिरला की सुरकुती गेली की राहिली, त्याच क्षणी दिसतं. म्हणून हे रटाळ काम लक्ष धरून ठेवू शकतं. याउलट ऑफिसचा अहवाल. तीन तास लिहिता, तो कसा झालाय हे साहेब चार दिवसांनी सांगणार, तेही ‘ठीक आहे’ एवढंच. मन भरकटणार नाही तर काय होईल?

अशा वेळी पोचपावती स्वतःच तयार करायची. ‘अहवाल लिहायचाय’ हे उद्दिष्ट फारच ढोबळ झालं. ‘या परिच्छेदातून विक्री का घसरली, हे बाहेरच्या माणसाला कळायला हवं’ हे नेमकं. लिहिलं की मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य बिघडलंय. उत्तर तिथल्या तिथे मिळालं.

अवघडपणाही असाच कमी-जास्त करता येतो. वाद्य शिकताना एखादा तुकडा घसरतोय? लय उतरवा, स्वच्छ वाजेपर्यंत तिथेच राहा, मग थोडी चढवा. नुसती आकडे भरण्याची नोंदणी असेल तर माऊसला हात न लावता, कीबोर्डवरूनच पान पूर्ण करायचं असं ठरवा. ऐकायला पोरकट वाटतं, पण डोकं कामावर येतं.

आता फोन. 2009 मध्ये सोफी लेरॉय या संशोधिकेने दाखवलं, की अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी थोडं लक्ष पहिल्यातच अडकून राहतं. म्हणजे मेसेज नुसता वाचला, उत्तर दिलं नाही, तरी तो डोक्यात राहतो. फोन पालथा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. खास संगीत, खास दिवा, खास खुर्ची यांवर लोक भरपूर बोलतात. आवडत असेल तर लावा की! पण कामाचीच रचना ढिसाळ असेल, तर त्या खुर्चीत बसून कंटाळा येईल, इतकंच.

आणखी एक. भान हरपलं म्हणजे चांगलंच झालं, असं नाही. जुगाराच्या मशीनसमोर माणूस तासन् तास बसतो, कारण तिथेही दर काही सेकंदांनी निकाल मिळतो. कौशल्य मात्र तसूभरही वाढत नाही. उठल्यावर हाताला काय लागलं, हे विचारून पाहिलं की फरक लगेच कळतो. चांगल्या तंद्रीतही त्या क्षणी ‘मी किती खूश आहे’ असं वाटत नसतं, तेवढं लक्ष शिल्लकच नसतं. समाधान नंतर जाणवतं.

आणि हो, कुठे वेळेवर पोचायचं असेल तर बसण्याआधी गजर लावा. आतून आठवण होणार नाही.