टॅग खरा, दाणा मेलेला

(तालुक्याच्या महाविद्यालयात प्राध्यापक व संशोधक विद्यार्थ्यांपुढे एका निवृत्त ग्रंथपालांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

पंखे बंद करू नका, मी मोठ्यानं बोलतो.

मी ग्रंथपाल होतो, पण घरी कोरडवाहू शेती आहे. मृगाच्या आधी आमच्याकडे एक काम ठरलेलं. सोयाबीनचे शंभर दाणे मोजायचे, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, पोतं गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि रोज पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर पेरायचं. २०२० च्या खरिपात घाई झाली, बॅगेवरचा टॅग पाहून पेरलं. अर्धं वावर उगवलंच नाही. टॅग खरा होता, दाणा मेलेला होता.

जर्नलवरचा, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकावरचा, आयएसएसएन नंबर म्हणजे असाच एक टॅग. आठ आकडे. नियतकालिकाची नोंद झाली, एवढंच तो सांगतो. आतला शोधनिबंध त्या विषयातल्या कोणी वाचला का, आकडे तपासले का, हे त्याच्यावरून कळत नाही. तरी आपल्याकडे 'आयएसएसएन आहे ना?' असं विचारलं की चौकशी संपते.

२०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं 'सायन्स' साप्ताहिकासाठी पोतं भिजवूनच पाहिलं म्हणा ना. कर्करोगावरच्या औषधाचा एक बनावट निबंध, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला, लेखक आणि त्यांच्या संस्थाही काल्पनिक. ३०४ जर्नलांकडे तो गेला आणि १५७ जणांनी स्वीकारला. त्यात आपल्या देशातून चालणारी जर्नलं भरपूर होती. हसू नका, त्यांचे गिऱ्हाईक आपणच.

ही बाजारपेठ उभी कशी राहिली? २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण लागू झाले, पेपर मोजले जाऊ लागले. मोजणी आली की माप भरून देणारा येतोच. मग यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मान्य जर्नलांची यादी काढली, तिच्यातून २०१८ च्या मे महिन्यात ४,३०५ नावं वगळावी लागली. २०१९ ला तिच्या जागी यूजीसीचीच 'केअर' नावाची नवी यादी आली, २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता जर्नल निवडायचं ते शिक्षकानं आणि त्याच्या संस्थेनं. म्हणजे पोतं आपल्यालाच भिजवायचं आहे. मला विचाराल तर बरंच झालं. यादी होती तेव्हा कोणी जर्नल उघडून वाचत नव्हतं.

आता माझंच सांगतो. एका सहकाऱ्याला मी दोन संदर्भ काढून दिले. तो म्हणाला, "सर, तुमचंही नाव टाकून देतो, काय जाते?" मी हो म्हटलं. तिसरा लेखक झालो. तो पेपर मी वाचला तो छापून आल्यावर, तोही अर्धाच. लेखक म्हणजे ज्यानं कामात हात घातला, मसुदा पाहून मंजूर केला आणि उद्या चूक निघाली तर जो उत्तर देईल तो. मी यातलं काहीच नव्हतो. बढतीच्या फाइलीत मात्र तो पेपर लावला.

याहून मला दुसरी गोष्ट लागते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले. त्यानंतर आमचे एक सर तीन गावं फिरले. औषधं कशात कालवता, तोंडाला काय बांधता, कपडे कुठे धुता, असे घरोघरी बसून फॉर्म भरले. अस्सल काम. पण बढतीच्या मुलाखतीची तारीख जवळ आली होती. एका जर्नलाकडे दीड हजार रुपये भरले, चौथ्या दिवशी पेपर प्रसिद्ध! परीक्षकाचा एक शब्द नाही. यवतमाळपुढे राज्य छापलं होतं गुजरात. दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीला तो पेपर हवा होता म्हणून साइट उघडली, तर तिथे रमीची जाहिरात.

चुका चांगल्या जर्नलातही होतात. 'लॅन्सेट'नं १९९८ मध्ये गोवराची लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा निबंध छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. बारा वर्षं, फार उशीर. पण मागे घेतल्याची नोंद आजही त्या निबंधावर आहे. बियाणं उगवलं नाही तर पक्की पावती घेऊन दुकानात जाता येतं, फक्त दुकान जागेवर पाहिजे. आमच्या सरांना गुजरातचं यवतमाळ दुरुस्त करून मागायलाही कोणी उरलं नाही.

ते फॉर्म मात्र आहेत. ग्रंथालयाच्या जिन्याखाली, युरियाच्या पोत्यात. सरांशी बोललो, ते तयार आहेत. आकडे पुन्हा भरायचे, तक्ते नव्यानं करायचे. शनिवारी पाच जण लागतील. नव्या जर्नलाला पाठवताना पत्रात पहिल्याच ओळीत सांगायचं की हे आधी अमुक ठिकाणी छापलं होतं, ते जर्नल आता नाही, चालत असेल तरच पुढे वाचा. नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारू, पण लपवायचं नाही. आणि पोत्याच्या खालचे काही फॉर्म उंदरांनी कुरतडले आहेत. किती गेले ते मोजून तेही लिहायचं.