माझ्या आधी, माझ्या नंतर

(डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पुण्यातील पालकांच्या एका मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बहुतेकांची मुलं आता मुलं राहिलेली नाहीत. कुणाचा पंचविशीत आहे, कुणाची चाळिशीला आली. माझा बत्तीस वर्षांचा आहे. स्वतःची दाढी स्वतः करतो, हनुवटीखाली थोडी राहते. कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो. पगार झाला की स्वतःच्या पैशाने कांदाभजी आणतो. त्यातली दोन मला देतो, तिसरी मागितली की म्हणतो, ‘बाबा, डॉक्टर काय म्हणाले?’

मला आज एका वाक्याबद्दल बोलायचंय. आपण सगळे ते मनात म्हणतो आणि चारचौघांत गिळून टाकतो. ‘देवा, याला माझ्या आधी ने.’

बाहेरच्या माणसाने हे ऐकलं तर त्याच्या अंगावर काटा येईल. जन्मदात्यांनी असं मागायचं? पण या मागण्यात शोधूनही राग सापडणार नाही. ज्याचं ताट आपण इतकी वर्षं वाढलं, त्याला उद्या कोण वाढणार हे दिसत नाही, म्हणून तोंडातून ते निघतं. ती मायाच आहे. फक्त आपण ते चुकीच्या ठिकाणी बोलतो. देवासमोर बोलतो. बोलायला हवं कलेक्टर कचेरीत, बँकेत आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर.

आपल्या आजी-आजोबांच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे, आणि त्याचं कारण काही आनंदाचं नाही. ही मुलं मोठी होतच नसत. लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे फ्रान्समध्ये १९५९ साली कळलं. जागतिक दिवस २१ मार्चला असतो तो त्याचमुळे: एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती. अमेरिकेतले आकडे सांगतो. तिथे १९८३ साली या व्यक्तींचं सरासरी आयुष्य पंचवीसच्या आसपास होतं, आता साठच्या आसपास आहे. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, त्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. छातीच्या संसर्गावर औषधं मिळाली. आणि मुलाला कुठेतरी नेऊन टाकण्याऐवजी लोक घरी वाढवू लागले, हेही तितकंच महत्त्वाचं. मी एकाहत्तरचा आहे. हिशेब तुम्हीच करा. देवाने माझं ऐकायचं ठरवलं तरी त्याला ते जमेल असं दिसत नाही.

दुसरी गोष्ट कटू आहे, पण सांगतो. मेंदूत चिकट प्रथिन साठवणाऱ्या, म्हणजे अल्झायमरशी संबंध असलेल्या, एका जनुकाची जागा याच एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. म्हणून चाळिशीपर्यंत यांच्या मेंदूत ते बदल दिसू लागतात आणि पन्नाशीत अनेकांना विस्मरण सुरू होतं. म्हणजे आपलं म्हातारपण आणि त्यांचं म्हातारपण एकाच घरात हातात हात घालून येऊ शकतं. मात्र मूल गप्प झालं, कामात चुकायला लागलं, की लगेच ‘आता उतरती कळा’ म्हणून हात टेकू नका. आमच्या घरी काय झालं ते ऐका.

त्याची आई पावसाळ्यात गेली. नातेवाईक म्हणाले, याला शेजारच्यांकडे ठेवा, याला काय कळतंय. मी त्याला वैकुंठ स्मशानभूमीत बरोबर नेलं. तिथे तो शांत उभा राहिला, घरी येऊन जेवला, दुसऱ्या आठवड्यात कामाला गेला. लोक म्हणाले, बघा, सुटला बिचारा. दिवाळी झाली आणि त्याने बोलणं टाकलं. कार्यशाळेत जाईना, आंघोळीला उठेना. कपाटासमोर बसून आईच्या साड्यांच्या घड्या मोडायचा आणि परत घालायचा. काठाला काठ जुळला नाही की पुन्हा मोडायचा. पिशव्या करणारे हात ते, त्यांना वाकडी घडी चालत नाही.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, कारण या मुलांमध्ये थायरॉईडचा त्रास खूप आढळतो आणि त्याने माणूस असाच मंदावतो. मग कान तपासले. झोपेत श्वास अडकतो का ते पाहिलं. सगळं ठीक निघाल्यावर त्या म्हणाल्या, ‘काका, हा रडतोय. यांचं दुःख कधी कधी उशिरा वर येतं.’ आम्ही त्याला साड्या आवरू दिल्या. फोटो काढून बसलो, तिच्याबद्दल बोललो. वर्षश्राद्धाला पान त्याने वाढलं, लिंबाची फोड कुठे ठेवायची तेही त्याला ठाऊक होतं. फाल्गुनात तो पुन्हा पिशव्या करायला लागला होता. ज्याला काही कळत नाही असं म्हणत होते, त्याने आमच्या घरात सगळ्यांत पूर्ण शोक केला.

तर आपल्या ‘नंतर’ अशा माणसाची व्यवस्था त्याला न विचारता करायची का?

कागदांचं बोलतो. मूल अठराचं झालं की कायद्याच्या नजरेत आपण आपोआप त्याचे पालक राहत नाही, तो सज्ञान झाला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्थानिक स्तर समिती आहे. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कायदेशीर पालक ती नेमते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत हिशेब. लोक या हिशेबाला कुरकुरतात. मला तो आवडतो. मी नसताना कुणीतरी माझ्या मुलाच्या पैशांचा जाब विचारणार आहे! माझ्यासारखे केंद्र सरकारी पेन्शनर असाल तर आणखी एक: कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला अटींनुसार आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं आणि त्याचं नाव आपल्या हयातीतच कागदावर चढवून घेता येतं. ‘आज करू, उद्या करू’ असं करत बसू नका.

आणि टेबलावरचं बोलणं. ‘त्याची ताई आहे ना’ असं आपण किती सहज म्हणतो. ताईला कुणी विचारलंय? मी विचारलं. ती दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा, मी त्याची ताई राहीन, आई होणार नाही. त्याचे पैसे माझ्या खात्यात नकोत. तो कुठे राहील हे आत्ता ठरवू, तिथे मी येत राहीन.’ काही जणांना हे कोरडं वाटलं. मला तर पहिल्यांदा शांत झोप लागली. जी पोरगी ‘हो हो, बघेन’ म्हणते तिच्यापेक्षा जी अटी घालते तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे. आता तो महिन्यातले काही दिवस एका निवासी गृहात राहून येतो. मी धडधाकट असतानाच. सवय त्यालाही व्हायला हवी आणि मलाही.

ते वाक्य अजून मनात येतं का, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. येतं. मला ताप चढला की रात्री येतं. पण आता ते दिवसा येत नाही.

अर्जाचे नमुने मागच्या टेबलावर आहेत. भरायला बसाल तेव्हा मुलाला शेजारी बसवा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदासुद्धा मर्यादित पालकत्व म्हणतो, म्हणजे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. सही येत नसेल तर अंगठा चालेल, पण तो कशावर उमटवतोय ते त्याला आधी सांगा. माझ्या चिरंजीवांनी सांगितलं होतं की निवासी गृह चालेल, पण पगाराच्या दिवशी भजी हवीत. मी ते अर्जाला जोडलेल्या पत्रात लिहिलं आहे.