तीताची सुंता नाही, तीमथ्याची मात्र केली: पौल, पंडिता रमाबाई आणि कृपेत जगणं

सलाम मंडळी, जय ख्रिस्त.

आज सुरुवातीलाच प्रेषित पौलाला, म्हणजे नव्या करारातली कितीतरी पत्रं लिहिणाऱ्या पौलाला, जरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू या.

[स्क्रीनवर: गलती २:३ / प्रेषितांची कृत्ये १६:३]

पौल यरुशलेमला गेला तेव्हा त्याच्याबरोबर तीत होता. तीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. तिथे काही जण अडून बसले की यहुदी नियमशास्त्राप्रमाणे याची सुंता झालीच पाहिजे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (म्हणजेच 'गलती') पौल लिहितो, आम्ही त्यांच्यापुढे घटकाभरही नमलो नाही. बरं. आता प्रेषितांची कृत्ये काढा, सोळावा अध्याय. तीमथ्य हा तरुण शिष्य. आई यहुदी, वडील हेल्लेणी. पौलाला त्याला प्रवासात बरोबर न्यायचंय. मग पौल काय करतो? त्याची सुंता करतो. का, तर त्या भागातल्या यहुद्यांमुळे. कृत्यांचं पुस्तक लिहिणाऱ्या लूकने कारण लिहूनच ठेवलंय.

एकाला ठाम नाही, दुसऱ्याला हो. असं आपल्या एखाद्या पाळकांनी केलं असतं तर कमिटीची मीटिंग लागली असती. पौलाबद्दलही कुजबुज होतीच. गलती ५:११ मध्ये तो वैतागून विचारतो, मी अजून सुंतेचा उपदेश करतोय, तर मग माझा छळ कशाला होतोय?

पौल दुटप्पी नव्हता. तीताच्या वेळी लोक जे म्हणत होते, ते कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पहिल्याच वचनात सापडतं: सुंता झाल्याशिवाय तुमचं तारण होणार नाही. तिथे सुंता ही अट होती, ख्रिस्त अधिक सुंता असा हिशेब होता. तीमथ्याच्या तारणाबद्दल कुणाला शंकाच नव्हती. तो आधीच शिष्य होता, लुस्त्र आणि इकुन्यातले बंधू त्याच्याबद्दल चांगलं बोलत होते. यहुदी लोकांमध्ये त्याला मोकळेपणाने वावरता यावं, एवढंच काम होतं. कृती तीच. पण एकीकडे ती देवाच्या दारातला टोलनाका झाली होती, दुसरीकडे नव्हती. तो टोलनाका म्हणजेच कर्मठपणा.

आपण कर्मठपणा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोण येतं? खूप नियम पाळणारा, उपास करणारा, पहाटे चारला उठून प्रार्थना करणारा. मला विचाराल तर त्या माणसाला आपण उगाच बदनाम केलंय. पहाटे चारला उठणारा माणूस पूर्णपणे कृपेत जगणारा असू शकतो. आणि आठ वाजेपर्यंत लोळणारा पक्का कर्मठ असू शकतो, कारण चारला उठणाऱ्यांना तुच्छ लेखण्यातच त्याचं नीतिमत्त्व असतं.

आता अंत्युखियाला जाऊ. गलती २, अकराव्या वचनापासून. माझ्या मते या विषयावरचा नव्या करारातला सगळ्यात जिवंत प्रसंग हाच.

येशूचा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून काही लोक आले, आणि पेत्र हळूहळू बाजूला सरकला. वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी विश्वासणारे सरकले. शेवटी बर्णबा सुद्धा! त्या 'सुद्धा'मध्ये पौलाचं दुखावलेलं मन ऐकू येतं, कारण परराष्ट्रीयांमधल्या कामात बर्णबा त्याचा जोडीदार होता.

पेत्राला हे कळत नव्हतं का? यापोमध्ये घराच्या गच्चीवर प्रार्थना करताना त्याने दृष्टान्त पाहिला होता, देवाने शुद्ध केलंय त्याला अशुद्ध म्हणू नको. कर्नेल्य या परराष्ट्रीय अधिकाऱ्याच्या घरी जाऊन आला होता. त्याची शिकवण पक्की होती, आणि तिच्यात बदल झाला असं पौल म्हणतही नाही. पौल कारण देतो ते एका शब्दाचं: भीती. सुंता झालेल्या लोकांना तो भ्यायला. आपल्या भाषेत, लोक काय म्हणतील.

पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसतं आणि कोण उठून जातं, याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पेत्र कुणाला एका शब्दाने टोचून बोलला नाही, फक्त ताट घेऊन दुसरीकडे बसला. पण तिथल्या ग्रीक माणसाने काय समजायचं? ख्रिस्ताच्या रक्ताने मी देवाला चालतो, पेत्राला चालत नाही. म्हणून पौलाने हे चारचौघांत काढलं. आणि त्याने शब्द वापरलेत ते शिष्टाचाराचे नाहीत. हे लोक सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नाहीत, असं तो म्हणाला. जेवायला कुठे बसायचं, हा त्याच्या लेखी सुवार्तेचा प्रश्न होता.

आपल्याकडे हे कसं दिसतं? नव्याने विश्वासात आलेली एक बाई उपासनेला येऊ लागते. दोन-तीन रविवार जातात. मग कुणीतरी वडीलधारी बाई तिला कोपऱ्यात घेऊन प्रेमाने सांगते, "ताई, गळ्यातलं आणि बांगड्या काढून ठेवा हं, मगच प्रभुभोजन घ्या." आता गंमत बघा. आपल्याच कित्येक मंडळ्यांमध्ये लग्नात क्रूस असलेलं मंगळसूत्र घातलं जातं, आणि पाळक त्यावर प्रार्थना करतात. म्हणजे एका चर्चमध्ये ज्याच्यावर आशीर्वाद मागायचा, ते चार गल्ल्या पलीकडच्या चर्चमध्ये दाराबाहेर ठेवायचं. कुणी स्वतःच्या विवेकाने दागिने घालत नसेल तर त्यात काहीच चूक नाही. मंगळसूत्र घालावं की नाही यावर चर्चाही करा, अगदी भांडा. पण ते 'मगच' आलं की आपण तीताच्या प्रकरणात शिरलो.

आता इंग्लंडला जाऊ, कारण ही गोष्ट आपल्या माणसाची आहे आणि फार कमी सांगितली जाते.

[स्क्रीनवर: पंडिता रमाबाई, वाँटेज, १८८३]

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे झाला. तिथल्या अँग्लिकन जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, मठाने त्यांना आधार दिला होता, त्यातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे आणि तो वाचताना मजा येते, कारण रमाबाई कुठेच गप्प बसत नाहीत. त्यांनी शाकाहार सोडला नाही, तर सिस्टरना त्यात जातीचा अभिमान दिसला. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचा सवाल असा की मला लॅटिन येत नाही, माझ्या देशबांधवांना येत नाही, मग लॅटिनच का? आमच्या संस्कृतात काय कमी आहे? आणि १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात त्यांनी सरळच लिहिलं, त्याचा आशय असा: मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मान सोडवून घेतलीय, आता तशाच दुसऱ्या जुवाखाली ती द्यायची माझी तयारी नाही.

गलती ५:१ म्हणतं तेच हे, पुन्हा दास्याच्या जुवाखाली सापडू नका. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

तुम्ही म्हणाल, झालं, रमाबाईंनी कर्मठपणावर मात केली. नाही. पुढचं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय, आणि मला ते वाँटेजच्या भांडणापेक्षा मोलाचं वाटतं. १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण ख्रिस्त सापडलेला नाही. तोवर त्यांनी विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन उभं केलं होतं. अमेरिकेत गावोगाव भाषणं दिली होती. लादलेलं जू भिरकावून दिलं होतं. तरी आत काहीतरी रिकामं होतं.

म्हणून "आम्ही नियमबियम मानत नाही, आम्ही कृपेतले" असं कुणी छाती काढून सांगितलं की मला प्रश्न पडतो. नियम झुगारायला बंडखोरी पुरते. कृपा कुणाच्या तरी हातून घ्यावी लागते, आणि घेणं आपल्याला जड जातं. आहेर आला की लगेच वहीत लिहून ठेवणारी माणसं आपण, परतफेडीसाठी!

मग आज्ञांचं काय करायचं? क्रम बघा. दहा आज्ञांची सुरुवात कशी होते? "खून करू नको"ने होत नाही. मी परमेश्वर, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं, इथून होते. आधी तांबड्या समुद्रातून सुटका, मग सीनाय पर्वतावर आज्ञा. आज्ञा पाळल्या म्हणून सोडवलं, असं तिथे नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही तसंच. आठवं-नववं वचन सगळ्यांना पाठ असतं, कृपेनेच तारण, कर्मांनी नव्हे. दहावं कुणी म्हणत नाही, आणि सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केलंय हे त्या दहाव्यात आहे. रमाबाईंचं बघा. १८९१ नंतर त्या काही हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवांना केडगावला आणलं ते त्यानंतर, आणि साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करायला घेतलं तेही त्यानंतरच.

एक खूण सांगतो, रोजच्या वापरातली. घरात भांडण झालं, तोंडातून नको ते गेलं, किंवा जे पाप सोडलं म्हणत होतो ते पुन्हा केलं. रात्री प्रार्थनेला बसायची वेळ येते आणि मनात येतं, "आता कुठल्या तोंडाने जाऊ देवापुढे?" मग दोन-चार दिवस प्रार्थना बंद. थोडं नीट वागून झालं, खात्यात जरा शिल्लक पडली की परत सुरू. आता मला सांगा, काल तुम्ही कुठल्या तोंडाने गेला होता? काल तोंड चांगलं होतं म्हणून आत घेतलं होतं का? इब्री ४:१६ कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने या म्हणतं, आणि येण्याचं कारण काय सांगतं? दया मिळावी म्हणून. दया लागते ती चुकलेल्यालाच. तेव्हा त्या रात्रीच बसा. ज्याला बोललात त्याची माफीही मागा, ते सुटत नाही. पण चार दिवस थांबून तोंड धुऊन येण्याची गरज नाही.

या आठवड्यात गलतीकरांस पत्र एका बैठकीत वाचा. सहाच अध्याय आहेत, अर्धा तास पुरतो. पाच-तेराला थांबा जरा, स्वातंत्र्य देहाच्या चैनीसाठी वापरू नका असं तिथे बजावलंय. पुढच्या भागात रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय घेऊ: शेजाऱ्यांनी गणपतीचा प्रसाद आणून दिला तर काय करायचं. कमेंटमध्ये आधीच भांडणं सुरू करू नका, निदान भाग येईपर्यंत तरी थांबा.