15 वर्षांची गाडी आणि पासिंग

नमस्कार श्रोतेहो. आपल्या वडोदऱ्यात 2009-10 साली घेतलेल्या कितीतरी मोटारी अजून दारात उभ्या आहेत, आणि मालकांना एकच धास्ती आहे: 15 वर्षं झाली, आता गाडी भंगारात जाणार. तसं नाही. वयावरून गाडी बंद करण्याच्या ज्या बातम्या आपण ऐकतो, त्या दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातल्या. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांनी संपतं आणि तपासणीत गाडी पास झाली की पुढची 5 वर्षं मिळतात. नीट ऐका: रजिस्ट्रेशन संपतं, गाडी संपत नाही.

तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट बघतात. टायरची नक्षी निदान 1.6 मिलिमीटर खोल हवी. पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला लागतो. आणि चेसी नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला तिचा ओळख नंबर लागतो, ज्याची आठवण बहुतेकांना सगळ्यात शेवटी होते. म्हणून माझ्या काकांच्या गाडीची हकिकत सांगतो.

काका राहतात कारेलीबागेत. त्यांची मारुती 800 आहे 2009 ची, म्हणजे 2024 च्या ऑक्टोबरात पासिंग. आणि ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री आली. तो पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. नदीची पातळी 35 फुटांच्याही वर गेली, मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या. काकांच्या गाडीत पाणी सीटला लागलं. पाणी ओसरल्यावर काका किल्ली घेऊन निघाले, तर काकूंनी ती हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "अहो, आधी बॅटरी सोडा." अगदी बरोबर. पुरातल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. पुन्हा सांगतो, बॅटरी सोडायची, प्लग काढायचे, इंजिन हातानं फिरवायचं. डिपस्टिकवर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर ते सगळं काढून टाकायचं.

काकांनी अंगणात गाडी ठोकळ्यांवर घेतली. सीटा आणि मॅटिंग बाहेर काढलं, खालचा पत्रा उन्हात वाळवला, गंज घासून प्रायमर मारला. मागची चाकं मात्र जाम. हँडब्रेक ओढलेला होता, त्यामुळे ब्रेकचे शू ड्रमला चिकटले होते. उभी ठेवायची गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकूड लावा, हँडब्रेक सोडून ठेवा. ब्रेकचं काम काकांनी ओळखीच्या कारागिराकडून करून घेतलं, आणि हे काम जाणत्या हातानंच व्हावं असं माझं ठाम मत आहे.

त्याच कारागिराला काकांनी चेसी नंबर दाखवला. या गाडीत तो बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. मारुतीचा नंबर एमए3 नं सुरू होतो, एकूण 17 अक्षरं आणि आकडे. पण वर्षानुवर्षांचं तेल, धूळ आणि गंज बसून शेवटचा आकडा 3 दिसत होता, आणि आरसी बुकात होता 8. आकडा जुळला नाही तर इन्स्पेक्टरच्या लेखी ती गाडीच दुसरी. कारागीर म्हणाला, "काका, ग्राइंडर मारी दऊं? एक मिनिटनुं काम छे."

काकू ओट्यावरून उठून आल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. म्हणाल्या, "भाई, ग्राइंडर नाही. ठसा पुसला गेला तर परत कुठून आणायचा?" शाळांमध्ये चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, ते मला कधीच पटलेलं नाही, हात आणि डोळा तयार होतो तो त्याच तासाला. असो. काकूंनी त्या जागेवर रॉकेलचा बोळा ठेवला, रात्रभर. सकाळी जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासलं, फडक्यानं पुसलं, कोरडं होऊ दिलं. मग पातळ कागद घट्ट धरला आणि मऊ पेन्सिल आडवी करून एकाच दिशेनं फिरवली. मुलांकडून नाण्यांचे ठसे त्या असेच काढून घ्यायच्या. काळ्या पट्ट्यावर पांढरे आकडे उमटत गेले. शेवटचा आकडा अजून 3 च. पुन्हा रॉकेल, पुन्हा ब्रश, आणि दुसऱ्या कागदावर त्या 3 च्या डावीकडच्या दोन्ही कमानी भरून आल्या. 8! काका तो कागद घेऊन शेजारच्या तीन घरांत फिरून आले.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडलं, स्वतःचा ठसा घेतला, आरसीशी ताडून पाहिला आणि सरळ ब्रेककडे वळला. चेसी नंबरला ग्राइंडर नाही, पॉलिश पेपर नाही, जाड रंगही नाही. नंबर खरंच गेला असेल, तर तो पुन्हा ठोकायला आरटीओची परवानगी लागते. स्वतः ठोकला तर तो गुन्हा आहे.

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. गाडी भिंतीसमोर उभी करा. डिपरचा उजेड दिव्याच्या उंचीच्या खाली पडला पाहिजे. आत पाणी शिरून रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर पुसू नका, चकाकी निघून येते, दिवाच बदला. आणि ते पांढरेशुभ्र एलईडी जुन्या दिव्यात बसवू नका. अकोटा पुलावर संध्याकाळी समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला काही दिसत नाही, त्याच्या मागे बहुधा लहान मूल बसलेलं असतं. मला याचा मनापासून राग येतो.

पीयूसीला गाडी गरम करून न्या, निदान अर्धा तास चालवून. एअर फिल्टर तुंबलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. काकांच्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल गाड्यांना त्याची मर्यादा 0.5 टक्के आहे.

अर्ज फॉर्म 25 वर करायचा, मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांत. 2022 च्या एप्रिलपासून 15 वर्षांच्या मोटारीची फी 5000 रुपये झाली, आणि उशीर झाला तर दर महिन्याला 500 वेगळे. तेव्हा आज घरी गेल्यावर आरसीवरची तारीख बघा, आणि उजेड असेपर्यंत बॉनेट उघडून चेसी नंबर वाचता येतो का तेही बघून घ्या. नमस्कार.