जीपमध्ये टेप बसवताना

(दृश्य: निपाणी. वायरिंगचं गॅरेज. बोनेट उघडलेली जीप.)

ही जीप गळतग्याच्या एका शेतकऱ्याची. डिझेल इंजिन, कापडी हूड, दारं नाहीतच. उसाच्या हंगामात शेत ते कारखाना अशा हिच्या फेऱ्या चालतात. हिच्यात टेप कधीच नव्हता. कंपनीनं दिला नाही, मालकांनीही इतकी वर्षं मनावर घेतलं नाही. यंदा पोरांनी हट्ट धरला, म्हणून गाडी इथं आली.

अलीकडच्या मोटारींत टेपसाठी खाच तयार असते. साध्या टेपचं माप सगळीकडे एकच, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. जीपला मात्र पुढे नुसता सपाट पत्रा. तो कापावा असं मालकांचं म्हणणं होतं, मिस्त्रींनी नको म्हटलं. मलाही ते पटलं. कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही. डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीची चौकट करून टेप तिच्यात अडकवला. मागूनही एक पट्टी दिली, नाहीतर उसाच्या शेतातल्या चाकोऱ्यांत टेप आठवडाभरात खिळखिळा होतो.

(दृश्य: टेपच्या मागच्या वायरी, जवळून.)

सगळं काम इथं आहे. काळी वायर अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. ती रंग लावलेल्या बोल्टखाली दाबून चालत नाही. मिस्त्री आधी पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासतात, मग वायर कसतात. अर्थिंग कच्चं राहिलं की ॲक्सिलरेटर दाबेल तशी स्पीकरमधून शिट्टी चढत जाते. ती शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगचाही तडतडाट रेडिओत येतो. डिझेलमध्ये स्पार्क प्लगच नाहीत, तेवढा त्रास वाचला.

लाल वायर चावीवर. पिवळी थेट बॅटरीवर, आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज. "पिवळी चावीवर घातली की चावी काढल्यावर टेप सगळं विसरतंय बघा," मिस्त्री सांगतात. "लावलेली स्टेशनं, घड्याळ, सगळं. आणि लाल बॅटरीवर घातली तर टेप बंद करायचं राहून जातंय, सकाळी गाडी ढकलायची पाळी."

पिवळी वायर इंजिनकडून आत येते तिथं पत्र्याला भोक आहे. त्यात रबरी बूच घातलंय. पत्र्याच्या धारेनं वायरचं आवरण घासून गेलं आणि वाटेत फ्यूज नसला, तर वायर लाल होते, गाडी पेटू शकते. एवढ्यासाठी फ्यूज टेपजवळ न ठेवता बॅटरीजवळ ठेवायचा असतो.

आता स्पीकर. जुन्या काळच्या कितीतरी टेपांत स्पीकरची एक वायर सरळ बॉडीला लावलेली असायची. आजच्या टेपला तसं केलं तर आतली ॲम्प्लिफायरची आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, जळून जाऊ शकते. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन वायरी हव्यात, बॉडीला एकही लागता कामा नये. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदार. खोक्यावर ५० वॅट छापलेलं असतं. गाडीच्या बॅटरीवर चार ओहमच्या स्पीकरला सतत मिळतात ते साधारण २० वॅट. तेवढे जीपला पुरतात.

दारं नाहीत, मग स्पीकर लावायचे कुठं? नुसते उघडे टांगले तर पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खातात, ढोलकीचा घुमारा जातो. म्हणून प्लायवूडच्या दोन बंद पेट्या करून त्या सीटखाली बोल्टनं आवळल्या. डग्ग्याची थाप आता थेट मांडीला जाणवते.

(दृश्य: मडगार्डवर एरियल.)

या भागातली माणसं धारवाड आणि सांगली, दोन्ही आकाशवाण्या ऐकत मोठी झाली. धारवाड केंद्र १९५० चं, ७६५ किलोहर्ट्झवर. सांगली १९६३ चं, १२५१ वर. दोन्ही आकडे नऊनं भागले जातात, कारण आपल्याकडे मीडियम वेव्हचे टप्पे नऊ-नऊचे. अमेरिकेत ते दहाचे. टेप अमेरिकेच्या सेटिंगवर राहिला, तर काटा ७६० वरून एकदम ७७० वर उडी मारतो आणि धारवाड मधल्यामध्ये राहून जातं. मिस्त्री मेनूत जाऊन आधी ते बदलतात, मग एफएमवर १०२.७ लावून कोल्हापूर शोधतात.

इंजिन चालू, हेडलाइट चालू, हॉर्न दाबून पाहिला. मीटर १३.८ व्होल्ट दाखवतोय. शिट्टी नाही.

पोरांनी लगेच आवाज वाढवला. मिस्त्रींनी तो कमी केला. उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. मग खिशातून दोन फ्यूज काढून मालकांच्या हातावर ठेवले. "मालक, उडाला तर ह्यातलाच घाला. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. आणि दुसऱ्यांदा उडाला तर गाडी सरळ इकडं आणा."