दिलेलं गेलं कुठे?

(दृश्य: गुलटेकडी मार्केट यार्ड, पहाट. टोमॅटोचे क्रेट उतरताहेत.)

यावर शेवटची फवारणी कसली झाली असेल? समजा, सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाची. हे औषध पोटात गेलं तर शरीर ते कसं तोडतं, कुठून बाहेर टाकतं, हे आधी पांढऱ्या उंदरावर तपासतात. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘रॅट’च म्हणतात.

(दृश्य: पुण्यातली एक प्रयोगशाळा. बाहेर एप्रिलचं ऊन, खोलीत २२ अंश.)

हा सगळा हिशोबाचा मामला. औषधाच्या रेणूत किरणोत्सारी कार्बन-१४ बसवलेला असतो. रेणू कितीही तुटला तरी तुकड्याचा माग लागतो. मात्र ही खूण बसवायची कुठे, यात खरी मेख आहे. सायपरमेथ्रिन मधल्या एस्टर बंधाशी तुटतं आणि दोन तुकडे दोन वाटांनी जातात. म्हणून एका गटाला एका तुकड्यावर खूण, दुसऱ्याला दुसऱ्यावर. याच रेणूत असलेल्या सायनाइड गटाच्या कार्बनवर खूण केली तर तो थायोसायनेट होऊन कातडीत आणि जठरात रेंगाळताना दिसतो.

औषध पाण्यात विरघळत नाही, मक्याच्या तेलात द्यावं लागतं. २०० ग्रॅमच्या रॅटला फार तर २ मिलि, टोकाला गोळी असलेल्या सुईने थेट जठरात. सुई अडली तर रेटायची नाही. तेल श्वासनलिकेत गेलं की जनावर हातचं गेलं. सिरिंजचं वजन आधी आणि नंतर घ्यायचं. जमेचा आकडा तो.

(दृश्य: मेटॅबॉलिक पिंजरा, जवळून.)

तळाला तारेची जाळी, कारण रॅट स्वतःच्या लेंड्या खातो. खालचं नरसाळं लघवी एकीकडे आणि लेंड्या दुसरीकडे वळवतं. लघवीची बाटली ड्राय आइसमध्ये. नमुने ६, १२, २४ तासांनी, मग रोज. दिलेल्यातलं ९५ टक्के बाहेर पडेपर्यंत किंवा सात दिवस. पाण्याची बाटली ठिबकली की लघवी पातळ होते, खाद्याचा चुरा पडला की नमुना खराब. असल्या किरकोळ गोष्टींनीच आठवडा वाया जातो.

लघवी थेट सिंटिलेशन काउंटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार प्रकाशाच्या ठिणग्यांवरून मोजणाऱ्या यंत्रात, मोजता येते. लेंड्यांचा गडद रंग प्रकाश गिळतो आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून त्या वाळवून, दळून, जाळतात आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड पकडून मोजतात.

सापडलेल्या सगळ्याची बेरीज दिलेल्याच्या ९० टक्क्यांच्या खाली आली, तर आधी पिंजरा धुतलेलं पाणी मोजलं का ते बघा. वाळलेली लघवी नरसाळ्यालाच चिकटून बसलेली असते.

आता यकृताकडे. एस्टरेज विकरं बंध तोडतात, सायटोक्रोम पी-४५० हे दुसरं विकर तुकड्याला हायड्रॉक्सिल जोडतं, वर सल्फेट चढतं आणि ते लघवीतून जातं. सायपरमेथ्रिनची अणूंच्या मांडणीनुसार दोन रूपं, ट्रान्स आणि सिस. ट्रान्स रूप चटकन तुटतं. सिस रूप चरबीत बराच काळ टिकतं. सल्फेटसारखंच ग्लुकुरोनाइडही जोडून यकृत असे तुकडे बाहेर काढतं. मांजराचं यकृत ते जोडण्यात कच्चं, म्हणून याच कुळातल्या परमेथ्रिनचं कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावणं जिवावर बेततं.

राहिला लेंड्यांतला वाटा. तो शोषला न गेलेल्या औषधाचा, की यकृतातून पित्तावाटे परत आतड्यात उतरलेल्याचा? ते उलगडायला वेगळा गट लागतो. रॅटला पित्ताशयच नसतं, त्यामुळे बारीक नळी थेट पित्तवाहिनीत बसवतात. नळीत जे येतं ते शोषलं गेलेलं. लेंड्यांत मूळ रूपात सापडतं ते बहुतेक आतड्यातून तसंच पुढे सरकलेलं.