बेंजो आणि बँजो

आमच्या परळच्या चाळीत बेंजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला. तारांवर बटणं, हातगाडीवर भोंगा, मागे ढोलकी आणि ताशा. काका बेंजो पार्टीत वाजवायचे. त्यामुळे २००८ साली व्हर्जिनियात ब्लॅक्सबर्गला शिकत असताना मित्र म्हणाला, "शुक्रवारी फ्लॉइडला बँजो ऐकायला जाऊ", तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लालबागच उभं राहिलं.

फ्लॉइड डोंगरातलं गाव. अख्ख्या काउंटीत एकच सिग्नल. तिथलं दुकान म्हणजे फ्लॉइड कंट्री स्टोअर. आत आधी गॉस्पेल, म्हणजे त्यांची भजनं. मग लाकडी जमिनीवर नाच. पण मी रमलो तो बाहेर, फुटपाथवर.

तिथे पाच जण गोल करून उभे होते. फिडल म्हणजे व्हायोलिन, गिटार, मँडोलिन हे छोटं तारवाद्य, बटणांशिवायचा त्यांचा बँजो आणि माणसाहून उंच बास. मी ठेका शोधत होतो. ढोलकी नाही, साधी डफलीसुद्धा नाही, आणि पाय तर थांबत नव्हते! मग मँडोलिनवाल्याचे हात दिसले. उजव्या हाताचा फटका, आणि त्याच क्षणी डावी बोटं सैल. सूर तिथेच दबतो, उरतो नुसता 'चक'. बासचा 'धुम', मँडोलिनचा 'चक'. ढोलकीची दोन तोंडं दोघांनी वाटून घेतली होती.

हा बाज केंटकी राज्यातल्या मँडोलिनवादक बिल मन्रोंचा. त्यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' बँडवरून या संगीताला ब्लूग्रास म्हणू लागले. डिसेंबर १९४५ मध्ये २१ वर्षांचा अर्ल स्क्रग्ज त्यांच्याकडे आला आणि तीन बोटांच्या त्याच्या बँजोने सगळं पालटलं. पण बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा, भोपळ्याच्या वाद्यांतून आलेला. आणि मन्रोंना लहानपणी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकवलं ते आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाने. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

फुटपाथवरच्या बँडला नाव नव्हतं. बँजोवाला आठवडाभर गाड्या दुरुस्त करायचा. बोटांत धातूच्या नख्या चढवल्या तरी मागे ऑइलचे काळे डाग दिसायचे. गाणारा नुसती मान हलवायचा, की पुढचा वाजवायला लागायचा आणि बाकीचे आवाज खाली आणायचे. एकदा वाजवायची वेळ दहा-बारा वर्षांच्या मुलीवर आली. फिडलवर ती मध्येच अडली. कोणी थांबलं नाही, कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही. गिटारवाल्याने तीच चाल खालच्या पट्टीत हळूच धरली, आणि दोन ओळींनंतर ती पुन्हा सुरात आली.

रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे परळला शनिवारची सकाळ. मी काकांना फोन लावला आणि तो बँडच्या दिशेने धरला.

बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं, "ठेका कोण धरतंय रे?"

"मँडोलिन."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "फोन ठेवू नकोस."